यादीपाशी थोडं थांबा

एक पाठकोरा कागद घ्या. जुन्या लग्नपत्रिकेची मागची बाजू, विजेच्या बिलाची उलटी बाजू, पोराच्या वहीचं शेवटचं पान, काहीही चालेल. नवी डायरी मात्र नको. नव्या डायरीपुढे माणूस अक्षर जपू लागतो आणि खरी कामं लपवतो. पेन न अडकणारं असू द्या. मोबाईलही जवळ ठेवा, पण पालथा. त्याला हाकलायचं नाही, त्याचीही पाळी येणार आहे.

बसायची जागा तुमची तुम्ही ठरवा. यवतमाळच्या दत्त चौकाजवळची गॅलरी असेल, पुसदकडच्या तांड्यातली ओसरी असेल, झरी-जामणीच्या बाजूला एखाद्या पोडातलं अंगण असेल. वेळ रात्रीची बरी, भांडी घासून झाल्यावरची. दिवस मृगाच्या तोंडचे धरू या, जूनच्या पहिल्या आठवड्यातले. या जिल्ह्यात वर्षातली सगळ्यांत लांब यादी याच दिवसांत तयार होते. शेती असलेल्या घरात होते, नसलेल्या घरातही होते, कारण पेरणी, शाळा आणि गळकं छप्पर एकामागोमाग दारात उभे राहतात.

करायच्या कामांची यादी कागदावर ठेवावी की फोनमध्ये, असा आपला प्रश्न आहे. उत्तराची घाई नको. आधी यादी होऊ द्या.

डोक्यात येईल ते काम लिहा. आकडे घालू नका, क्रम लावू नका. सरकीच्या पिशव्या. पीककर्जाचं नवं-जुनं. धुऱ्याकडचं वखरायचं राहिलेलं वावर. पोरीचा उत्पन्नाचा दाखला. छपराची कवेलू. गॅस. आईचे डोळे. दादाला फोन. तुमची यादी वेगळी असेल. त्यात ऑफिसचा अहवाल असेल, गाडीचा विमा असेल, शिंप्याकडे पडून असलेली चादर असेल. जे असेल ते एकेका ओळीत उतरू द्या.

थोड्या वेळाने हात थांबेल. तेव्हा उठू नका.

हात पहिल्यांदा थांबेपर्यंत आपण लिहितो ती बहुतेक कामं सगळ्या जगाला ठाऊक असलेली असतात. कुणीही शेजारी बसून ती आपल्याला सांगू शकला असता. मग एक रिकामी वेळ येते. पेन कागदावर टेकलेलं असतं आणि काही सुचत नाही. पंखा फिरत असतो, बाहेर कुत्रं भुंकतं. ती वेळ जाऊ द्या. तिच्या पलीकडून जी दोन-तीन कामं येतात ती वेगळी असतात. कुणाचे तरी पैसे परत करायचे असतात. कुणाची तरी माफी राहिलेली असते. छातीत मधूनच येणारी ती कळ डॉक्टरांना दाखवायची असते. ही कामं आपण कुठल्याही यादीत आजवर लिहिलेली नसतात. ती आता लिहा, अक्षर बारीक आलं तरी चालेल.

लिहिल्याबरोबर काही हलकं झालं का? स्वतःकडे नीट पाहा, झालं नसेल तर झालं म्हणू नका. या हलकेपणाचा माग मानसशास्त्राने बराच काळ काढला आहे. ब्लूमा झायगार्निक ही लिथुआनियात जन्मलेली, बर्लिनमध्ये शिकलेली बाई. तिने 1927 साली मांडलं की मध्येच तोडलेलं काम पुरं झालेल्या कामापेक्षा अधिक आठवत राहतं. पुढे अनेकांनी तो प्रयोग करून पाहिला आणि सगळ्यांना तोच निकाल मिळाला नाही, हेही सांगायला हवं. पण 2011 मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमेस्टर या अमेरिकी संशोधकांना एक उपयोगी गोष्ट सापडली. अर्धवट कामाची टोचणी थांबायला काम पुरं व्हावंच लागतं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करायचं याचा पक्का बेत झाला तरी मन त्याला सोडतं. 2018 मध्ये टेक्सासच्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला बसवलं होतं. काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढे करायची. पुढची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. ज्यांनी बारकाव्याने लिहिलं ते आणखी लवकर.

बारकावा म्हणजे काय, ते आपल्याच कागदावर पाहू. ‘आईचे डोळे’ ही ओळ पुन्हा वाचा. यात काम कुठे आहे? ही नुसती काळजी आहे, ती यादीत येऊन बसली आहे इतकंच. तिच्याकडे पाहिलं की माणूस उसासा टाकतो आणि खालच्या ओळीवर जातो. म्हणून ती ओळ सहा महिने तशीच राहते. आता तिच्या शेजारी लिहा: सोमवारी सकाळच्या एसटीने यवतमाळ, वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी, आधार कार्ड, जुना चष्मा, डबा. ओळ लांब झाली, पण तिच्यात पाय टाकायला जागा झाली. अशा नुसत्या काळज्या तुमच्या कागदावर किती आहेत, ते शोधा. सगळ्यांचं लगेच काम करू नका. आज एकीचंच करा.

इथे एका माणसाची आठवण काढायला हवी. यादी याच विषयावरचं, जगभर वाचलं गेलेलं पुस्तक ज्याने लिहिलं, त्याच्या घराण्याची मुळं आपल्याच जिल्ह्यात आहेत, हे यवतमाळातही सगळ्यांना ठाऊक नसतं. अतुल गावंडे हे बॉस्टनचे शल्यविशारद. जन्म 1965 चा, ब्रुकलिनचा. वडील डॉ. आत्माराम गावंडे उमरखेडच्या बाजूच्या उटी गावचे. तिथून निघून ते अमेरिकेत युरॉलॉजिस्ट झाले. आजीच्या नावाचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय आजही उमरखेडला आहे. एसटीतून उतरलेली पोरं त्या फाटकातून आत जातात. आपल्या कॉलेजच्या नावातल्या सीतारामांचा नातू जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत टांगलेल्या कागदाशी जोडलेला आहे, हे त्यांतल्या किती जणांना कुणी सांगितलं असेल?

तो कागद जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणला. शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची यादी, एका पानाची, एकोणीस बाबींची. यादी करणाऱ्या गटाचं नेतृत्व गावंडे यांच्याकडे होतं. तिच्यात कुठलंही नवं वैद्यकशास्त्र नव्हतं. रुग्ण हाच ना? शस्त्रक्रिया कोणती, कुठल्या बाजूची? कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे? प्रतिजैविक वेळेत दिलं का? शेवटी बोळे आणि हत्यारं मोजून झाली का? आणि एक बाब अशी, की ती वाचून मोठमोठ्या सर्जननी प्रथम नाक मुरडावं: खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. सिएटल, टोरांटो, लंडन, ऑकलंड, अम्मान, नवी दिल्ली, मनिला आणि टांझानियातलं इफाकारा, अशा आठ ठिकाणच्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 च्या जानेवारीत निकाल छापून आला. मोठी गुंतागुंत होण्याचं प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 वर आणि मृत्यूचं 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं होतं.

आता थोडं थांबा आणि या आकड्यांमागे काय आहे ते पाहा. कागदाने जीव वाचवले असं म्हणायचा मोह होतो. पण त्या पानाची रचना बघितली तर एकोणीस बाबी तीन ठिकाणी विभागलेल्या दिसतात: भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी, रुग्णाला खोलीबाहेर नेण्याआधी. त्या तीन ठिकाणी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं, एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. त्या थांबण्यात सगळं होतं. हे मी हौसेने म्हणत नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने ही यादी रुग्णालयांवर बंधनकारक केली. त्यांतल्या 101 रुग्णालयांचा हिशेब 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यू आणि गुंतागुंत यांत लक्षणीय फरक दिसला नाही. कागद तोच होता, बाबी त्याच होत्या. कारणांवर पुष्कळ वाद झाला. त्यातलं एक कारण मला पटतं: थांबायचं राहून गेलं आणि फक्त खुणा करायच्या उरल्या.

आपल्या घरातही हे होतं. खुणा करण्यात एक सुख आहे. आधीच झालेलं काम यादीत लिहून लगेच त्यावर रेघ मारणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. आज तुम्ही तसं केलंत का? केलं असेल तर हसा आणि पुढे चला.

आता मोबाईल सुलटा करा.

लगेच काही उघडू नका. पडद्यावर जे आहे ते तसंच बघा. व्हॉट्सॲपचे न वाचलेले मेसेज, बँकेची सूचना, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. यादी लिहायला तुम्ही फोन उचलता तेव्हा तुमच्या आणि यादीच्या मध्ये एवढी गर्दी उभी असते. तिला ओलांडून जाणं तुम्हाला जमतं का, की तुम्ही केकपाशी थांबता? प्रामाणिक उत्तर फक्त स्वतःला द्या.

आता यादीच्या जागा आठवा. गूगल कीप असेल, मायक्रोसॉफ्टचं टू डू असेल, टूडूइस्ट असेल. आपल्याकडे बहुतेकांची खरी यादी या कशातच नसते. ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये असते, नाहीतर कागदावर लिहून, त्याचा फोटो काढून, किराणा दुकानदाराला पाठवलेली असते. वाणी त्या फोटोतलं अक्षर लावत सामान बांधतो आणि मूळ कागद घरात फ्रीजवर राहतो. कागद की फोन हा वाद आपल्या गृहिणींनी केव्हाच असा मिटवून टाकला आहे, त्यावर लेख लिहिण्याची वाट न पाहता.

फोनच्या बाजूने जे बोलायचं ते मनापासून बोलू. कागद वाजत नाही. सकाळी सहाची आणि रात्री आठची गोळी कागदावर लिहून ठेवली तर कागद गप्प बसतो. कागद भिजतो. शर्टाच्या खिशात राहून धुण्यात जातो आणि त्याचा लगदा निघतो. कागद एकाच ठिकाणी असतो. आई घाटंजीत, एक भाऊ पुण्यात, बहीण नागपुरात अशी आजची घरं आहेत, आणि आईच्या औषधांची, तपासण्यांची यादी तिघांनाही दिसायला हवी असेल तर फोनसारखी सोय नाही. ज्याचे हात डवऱ्यावर आहेत, किंवा ज्याला लिहिण्याचा सराव राहिला नाही, तो फोनला मराठीत बोलून सांगू शकतो. हे थोडं नाही.

कागदही वाटून घेता येत होता, एवढी आठवण मात्र ठेवू. कालनिर्णय 1973 मध्ये आलं, आणि घराघरांत त्याचे चौकोन दुधाच्या खाड्यांनी आणि गॅसच्या तारखांनी भरले. भिंतीवरची ती यादी सगळ्या घराची होती. पाहुणाही ती वाचून जाई. तिला पासवर्ड नव्हता, आणि ती वाचायला दुसरं काहीच ओलांडावं लागत नव्हतं.

फोनमधल्या यादीची एक गोष्ट मात्र शांतपणे समजून घ्यावी लागते: ती ज्या घरात राहते ते घर आपलं नसतं. वंडरलिस्ट नावाचं एक सुरेख ॲप बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने केलं होतं. लाखो लोकांच्या याद्या त्यात होत्या. 2015 मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि मे 2020 मध्ये बंद केलं. याद्या दुसऱ्या ॲपमध्ये हलवायची सोय दिली होती, त्यामुळे फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही. पण घर बदलायला सांगितलं ते घरमालकाने.

आणि याहून खोल एक भेद आहे, तो आपल्या गावात रोज दिसतो. अंगणवाडी सेविकेकडे पूर्वी अकरा नोंदवह्या असत. त्या लिहिणं सुखाचं होतं असं कुणी म्हणू नये. खांदे आणि मनगटं जाऊन त्या भरल्या जात. मग 1 मार्च 2021 ला केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. त्यांच्या तक्रारी साध्या होत्या. दोन जीबी रॅमच्या फोनला ते ॲप पेलत नाही, फोन तापतो, बंद पडतो, आणि ॲप इंग्रजीत आहे. वाटलं असतं की बायांना तंत्रज्ञानाची भीती वाटते. तसं नव्हतं. आदल्या ॲपवर त्यांनी नोंदी केल्याच होत्या. त्यांना हवं होतं ते चालणारं यंत्र आणि आपली भाषा.

या प्रसंगापाशी जरा बसा. नोंदवहीच्या समासात ‘माहेरी गेली, दिवाळीनंतर येईल’ असं लिहिता येतं. तो समास कुणी मंजूर केलेला नसतो, पण सेविकेचं खरं काम पुष्कळदा तिथेच असतं: कोणत्या घरी सकाळी जायचं, कोणत्या घरी नवरा नसताना, कोणत्या पोराला नुसतं मोजायचं नाही तर मांडीवर घेऊन चारायचं. ॲपच्या चौकटीत वजन जातं आणि उंची जाते. समास जात नाही. एक यादी वर पाठवायची, दुसरी उद्या सकाळी स्वतःला लागणारी. दोन्ही लागतात. एकीने दुसरीची जागा घेतली म्हणजे घोळ होतो.

शेतकऱ्याचंही तेच. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तलाठ्याने गाव नमुना बारामध्ये लिहायचं ते पीक आता शेतकरी स्वतः वावरात उभा राहून, फोटो काढून नोंदवतो. सीसीआयला (भारतीय कपास निगमला) कापूस द्यायचा तर 2025-26 च्या हंगामात ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदवावं लागलं. लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल होता आणि त्याकडे जायची वाट फोनमधून जात होती. टेकड्यांच्या आड, जिथे मोबाईलला रेंज यायला धुऱ्यावरच्या उंचवट्यावर जावं लागतं, तिथे ही यादी भरणं हेच एक काम होऊन दुसऱ्या यादीत जातं. ‘ई-पीक पाहणी करणे’ ही ओळ मी कागदावर लिहिलेली पाहिली आहे, बियाण्याच्या पावतीच्या मागे.

तेव्हा तुमच्या समोरच्या कागदावर परत या आणि प्रत्येक ओळीला सावकाश विचारा: तू कुणासाठी आहेस? काही ओळी कार्यालयांच्या आहेत. त्यांना तारीख आहे, दंड आहे, त्या चुकल्या तर दुसरा कुणी विचारेल. काही घरातल्या माणसांच्या आहेत. आणि काही अशा आहेत की त्या केल्या नाहीत तर जगात कुणालाही कळणार नाही, फक्त तुम्हाला कळेल. मृगाच्या तोंडावर पहिल्या प्रकारच्या ओळी इतक्या वाढतात की तिसऱ्या प्रकारच्या खाली दबून जातात.

माझा कौल विचाराल तर असा आहे. ज्याला घड्याळ आहे आणि ज्यात दुसरा माणूस आहे, ते फोनमध्ये जावं. गोळ्या, हप्ते, मुदती, गावोगाव विखुरलेल्या भावंडांची वाटणी, सगळं तिथे जावं आणि तिथेच वाजावं. जे फक्त आपल्याला कळणार आहे ते कागदावर राहावं. कारण त्याला वाजवून आठवण करून दिली की ते काम मरतं. ‘जुन्या मित्राची माफी मागणे, संध्याकाळी 6:30’ असं पडद्यावर उगवलेलं पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

कागदाच्या बाजूचा एक प्रयोग टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी केला आहे. 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला. 48 तरुणांना एक संवाद वाचायला देऊन त्यातल्या तारखा आणि भेटी टिपून घ्यायला सांगितलं, कुणाला कागदी डायरीत, कुणाला टॅब्लेटवर, कुणाला मोबाईलवर. कागदवाल्यांचं काम साधारण 11 मिनिटांत आटोपलं, टॅब्लेटवाल्यांना 14 लागली, मोबाईलवाल्यांना 16. तासाभराने त्या भेटींबद्दल प्रश्न विचारले तेव्हा कागदवाल्यांच्या मेंदूत स्मरणाशी संबंध असलेल्या भागांत हालचाल अधिक दिसली. संशोधकांचं म्हणणं असं, की कागदावर जागा असते: वरचा कोपरा, खाली वाकडी गेलेली ओळ, घडीची रेघ. पडद्यावरचा मजकूर सरकतो, त्याला कायमची जागा नाही. आपण ‘ते डाव्या बाजूला खाली लिहिलंय’ असं म्हणतो तेव्हा हेच सांगत असतो.

आता आजच्या सरावातला शेवटचा आणि अवघड भाग. दुसरा कागद घ्या. पहिल्या कागदावरची जी कामं उद्या करायची ती त्यावर हाताने उतरवा. सगळी नाही. एकेक ओळ उतरवताना पेन टेकण्याआधी थांबा. ऑपरेशन थिएटरातलं ते थांबणं इथे आणा. ही उद्या होईल का? माझ्याने होईल का? मुळात करायची आहे का?

कागदाचा दोष म्हणून लोक जे सांगतात, की न झालेलं काम पुन्हा पुन्हा लिहावं लागतं, ते मला त्याचं मोठं बळ वाटतं. फोनमधलं काम न होता कितीही दिवस तसंच ताजं राहतं. रात्रीचे बारा उलटले तरी ते यादीत तसंच उरतं, तुमचा हात न लागता. मग याद्या फुगत जातात आणि एक दिवस आपण ते ॲपच उघडायचं सोडतो. हाताने उतरवणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळतो. तो कंटाळा ऐका. ‘सतार शिकणे’ चौथ्यांदा लिहिताना हात जड झाला, तर एक तर उद्या संध्याकाळी कुणाकडे तरी चौकशीला जायचं असं लिहा, नाही तर ती ओळ मागेच राहू द्या. सतार न शिकलेली पुष्कळ माणसं सुखाने जगली आहेत. मागे राहिलेल्या ओळीवर रेघ मारायचीही गरज नाही. ती जुन्या कागदाबरोबर जाईल.

हे उतरवणं किती वेळ चालेल ते चालू द्या. घाईने पाच मिनिटांत आटोपलं, तर ओंटारियोसारखं होईल.

उतरवून झालं की दोन्ही कागदांकडे न पाहता आणखी एक गोष्ट मनात आणा. गावंडे यांचं ‘बीइंग मॉर्टल’ हे 2014 चं पुस्तक म्हातारपणाबद्दल आहे. त्यात त्यांनी आपले आजोबा सीताराम गावंडे यांच्याबद्दल लिहिलं आहे. हे आजोबा उटीत शेती करत शंभरी ओलांडून पुढे गेले. रोज रात्री झोपण्याआधी घोड्यावर बसून आपली सगळी वावरं स्वतः बघून यायची, हा त्यांचा नेम. वय झालं तरी तो सुटला नाही. घरच्यांनी काळजी केली, घोडं लहान घेतलं, सोबत माणूस दिला, पण फेरी बंद केली नाही. नातवाने जगाला एका पानाची यादी दिली आणि आजोबांची यादी जमिनीवर पसरलेली होती. वाचायला रोज तिच्यावरून जावं लागे. कुठला बांध फुटला, कुठल्या तासात निंदण माजलं, कुठे जनावर शिरलं, ही कामं ज्या त्या जागी उभी असत.

तुमच्याही घराला अशी फेरी आहे. ती आज मनातल्या मनात घ्या. दारातून सुरू करा. चपला, पाण्याचा माठ, नळाची गळती. मागच्या खोलीत झोपलेली आई. गोठा असेल तर गोठा, नसेल तर गाडीचा ठोकलेला मडगार्ड. मग मनाने वावरात जा, दुकानात जा, शाळेच्या वर्गात जा, जिथे तुमचं काम आहे तिथे. फेरीत असं काही दिसतं का, की जे कागदावरही नाही आणि फोनमध्येही नाही? सापडलं तर दुसऱ्या कागदावर खाली लिहा. नाही सापडलं तर यादी पुरी आहे.

आता फोन हातात घ्या. घड्याळाची आणि दुसऱ्यांची कामं त्यात घाला, मुदतीच्या आदल्या दिवशी वाजेल अशी. मुदतीच्या दिवशी वाजून उपयोग नसतो, कारण त्याच दिवशी सर्व्हर मंद असतो आणि सेतू केंद्रापुढे रांग असते. दुसरा कागद चार घड्या करून उद्याच्या शर्टाच्या खिशात, नाही तर पर्समध्ये ठेवा. पहिला फाडून टाका.

एक ओळ अजून राहिली आहे: दादाला फोन. ती कागदावर उतरवू नका आणि त्यासाठी रिमाइंडरही लावू नका. नंबर काढा आणि फोन लावा. नऊ वाजत आले असतील, गावाकडे ते आता झोपायच्या बेतात असतात.